परराज्यातल्या प्रदर्शनाचा खर्च सरकारकडून परत मिळवताना: अर्जापासून पैसे जमा होईपर्यंतचे टप्पे

प्रदर्शन आटोपून आल्यावर बिलं गोळा करून अर्जाला लागणाऱ्या उद्योजकाला बहुतेक वेळा नकारच मिळतो. खर्च खरा असतो, माल चांगला असतो, बिलंही असतात. पण क्रम उलटा झालेला असतो. या योजनेत आधी मंजुरी, मग खर्च, मग दावा. हा क्रम मोडला की पुढच्या कागदांना अर्थ उरत नाही.

योजना केंद्रीय सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची आहे: 'प्रोक्युअरमेंट अँड मार्केटिंग सपोर्ट', बोलीभाषेत पीएमएस. देशातल्या व्यापारी प्रदर्शनांत भाग घेणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना स्टॉलच्या जागेच्या भाड्याचा मोठा भाग परत मिळतो. सर्वसाधारण प्रवर्गाला ८० टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि ईशान्येकडच्या राज्यांतल्या उद्योजकांना १०० टक्के. प्रवास, मालवाहतूक आणि प्रसिद्धीसाठी वेगळा, मर्यादित हिस्सा असतो. दोन्हींना कमाल रकमेची अट आहे. ती मार्गदर्शक सूचनांच्या चालू आवृत्तीतच बघा, कुणाच्या जुन्या व्हॉट्सॲप मेसेजमध्ये नको.

हे अनुदान आगाऊ मिळत नाही, ही प्रतिपूर्ती आहे. आधी सगळा पैसा तुमच्या खिशातून जातो आणि परत यायला महिने लागू शकतात. तेवढं खेळतं भांडवल अडकवायची तयारी नसेल तर या वर्षी जाऊ नका.

## टप्पा १: उद्यम नोंदणी आधी नीट करा

बहुतेकांकडे उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा दाखला, असतं, पण त्यावर नेमकं काय लिहिलंय हे फार थोड्यांनी वाचलेलं असतं. प्रिंट काढा आणि पेन घेऊन या गोष्टी तपासा.

प्रमुख व्यवसाय. 'उत्पादन' किंवा 'सेवा' असायला हवं. तिथे 'व्यापार' असेल तर गाडी इथेच थांबते. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते खरी, पण ती फक्त बँकांच्या प्राधान्यक्षेत्र कर्जापुरती. एकाच पॅनवर कारखाना आणि दुकान दोन्ही असतील तर नोंदणी एकच असते, त्यामुळे तीत उत्पादन हा प्रमुख व्यवसाय म्हणून आणि त्याचा योग्य एनआयसी कोड (व्यवसायाच्या प्रकाराचा सरकारी क्रमांक) आहे ना, ते बघा. चार वर्षांपूर्वी सायबर कॅफेवाल्याने घाईत 'व्यापार'वर टिक केलेली असणं ही अगदी नेहमीची गोष्ट.

वर्ग. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत. गुंतवणूक २.५ कोटी आणि उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असेल तर सूक्ष्म. गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत असेल तर लघु. दोन्ही अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत. एक जरी ओलांडली तरी वरचा वर्ग लागतो. निर्यातीची उलाढाल यात धरत नाहीत. जुन्या मर्यादेमुळे 'मध्यम' झालेले काही उद्योग आता पुन्हा लघु गटात बसतात, म्हणून नोंदणी अद्ययावत करून घ्या. मध्यम उद्योगांना ही मदत नाही.

मालकी. इथे सगळ्यात जास्त पैसा हातचा जातो. पापडाचा, मसाल्याचा, शिवणकामाचा उद्योग बाई चालवते. पण उद्यम नोंदणी नवऱ्याच्या आधार-पॅनवर असते. कागदावर तो पुरुषाचा उद्योग, म्हणून १०० ऐवजी ८० टक्के. भागीदारीत किंवा प्रायव्हेट लिमिटेडमध्ये संबंधित प्रवर्गाचा वाटा किमान ५१ टक्के असायला हवा आणि तो भागीदारी करारात किंवा भागधारकांच्या यादीत दिसायला हवा. पन्नास-पन्नास टक्क्यांची नवरा-बायकोची भागीदारी महिला उद्योगात मोडत नाही. फक्त अनुदानासाठी मालकी फिरवू मात्र नका. बँक कर्ज, जीएसटी, भाडेकरार सगळं त्याच्यामागून बदलावं लागतं.

सावधान: उद्यम नोंदणी आणि तिच्यातली दुरुस्ती दोन्ही मोफत आहेत. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसायला कितीही सरकारी वाटलं तरी ते खासगी दलालाचं असतं. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का, ते आधी बघा.

## टप्पा २: सगळीकडे एकच नाव

उद्यम प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, बँक खातं आणि पुढे येणारं स्टॉलचं बिल, या पाचही ठिकाणी उद्योगाचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. 'श्री गणेश फूड्स', 'श्रीगणेश फूड प्रॉडक्ट्स' आणि 'गणेश फूड्स' हे तुमच्यासाठी एकच असले तरी फाइल तपासणाऱ्याच्या लेखी तीन उद्योग आहेत.

एकल मालकीत पॅन व्यक्तीच्या नावावर असतो, ते ठीकच आहे. पण करंट खातं फर्मच्या नावाने हवं, आणि जीएसटी प्रमाणपत्रावर 'ट्रेड नेम' म्हणून उद्यमवरचंच नाव हवं. ब्रँडचं नाव वेगळं असेल तर ते फक्त पाकिटावर राहू द्या, बिलावर आणू नका.

तपासा: फर्मच्या खात्याचा रद्द केलेला चेक काढा. त्यावर छापलेलं नाव आणि उद्यमवरचं नाव शेजारी ठेवून वाचा. फरक असेल तर आधी तो मिटवा. बँकेत याला दोन-तीन आठवडे सहज जातात.

## टप्पा ३: जीएसटीचा अडसर

पीएमएसच्या सूचना वाचून माणूस निर्धास्त होतो आणि जीएसटीत अडकतो. दुसऱ्या राज्यात माल विकायचा म्हटलं की तीन प्रश्न उभे राहतात.

तुमची जीएसटी नोंदणीच नाही? महाराष्ट्रात वस्तूंच्या विक्रीसाठी ४० लाखांपर्यंतची उलाढाल नोंदणीमुक्त आहे, पण ही सूट राज्यातल्या विक्रीपुरती. दुसऱ्या राज्यात वस्तू विकायची तर उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची. अपवाद आहे तो अधिसूचित हस्तकला वस्तू बनवणाऱ्या कारागिरांचा: २० लाखांच्या आत उलाढाल असेल तर पॅन आणि ई-वे बिलावर (माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा जीएसटीचा कागद) काम भागतं.

तुम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या ठरावीक कमी दराच्या जीएसटी योजनेत, आहात? मग राज्याबाहेर माल विकताच येत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून कंपोझिशनवाल्यांना ऑनलाइन मंचावर वस्तू विकायला मुभा मिळाली, तीही राज्यातल्या राज्यातच. दुसऱ्या राज्याची बाजारपेठ खरोखर हवी असेल तर आधी नियमित योजनेत या. दर, बिलं, रिटर्न सगळं बदलेल, म्हणून हा निर्णय प्रदर्शनासाठी नव्हे, धंद्यासाठी घ्या.

स्टॉलवर रोख विक्री करणार की ऑर्डर घेणार? हे जाण्यापूर्वी ठरवा, कारण दोन्हीचे कागद निराळे.

फक्त नमुने दाखवून ऑर्डर घ्यायची असेल तर काम सोपं आहे. नमुने डिलिव्हरी चलनावर न्या. मालाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल काढा आणि त्यात पाठवण्याचं कारण 'प्रदर्शन' असं निवडा. ऑर्डर आल्यावर घरून आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी) लावून बिल करा.

स्टॉलवर माल विकायचा असेल तर त्या राज्यात 'कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन' म्हणून तात्पुरती नोंदणी लागते. प्रदर्शन सुरू होण्यापूर्वी किमान पाच दिवस आधी अर्ज करायचा असतो. शहाणा माणूस तीन आठवडे आधी करतो. पत्ता म्हणून स्टॉलचा पत्ता चालतो, त्यासाठी आयोजकाचं जागावाटपाचं पत्र लागतं. अंदाजे विक्रीवरचा कर आगाऊ भरावा लागतो. नोंदणी जास्तीत जास्त ९० दिवसांची, आणि आणखी ९० दिवस वाढवता येते. स्टॉलवरची बिलं या नव्या क्रमांकावर फाडायची, घरच्या नाही. एकाच पॅनचे हे दोन क्रमांक कायद्याने वेगळ्या व्यक्ती धरले जातात, त्यामुळे घरून स्टॉलवर जाणारा मालही करबिलावरच गेला पाहिजे. त्या कराचं क्रेडिट (आधी भरलेल्या कराची वजावट) तात्पुरत्या क्रमांकावर मिळतं आणि आगाऊ भरायची रक्कम खाली येते. न विकलेला माल परत आणायची बिलं, शेवटची रिटर्न आणि उरलेल्या आगाऊ कराचा परतावा, हे सगळं सीएशी आधीच बोलून ठेवा.

आमचं स्पष्ट मत: नव्या राज्यात पहिल्यांदा जाताना ऑर्डरच घ्या. पन्नास हजारांच्या किरकोळ विक्रीसाठी तात्पुरत्या नोंदणीचा व्याप परवडत नाही, आणि गल्ल्यावर बसलेला माणूस घाऊक खरेदीदाराशी बोलूही शकत नाही.

## टप्पा ४: प्रदर्शन निवडा, पण पैसे भरू नका

कुठल्याही जत्रेतला स्टॉल या योजनेत बसत नाही. मंजूर प्रदर्शनांतून निवड करायची असते. यादी आणि अर्ज दोन्ही मंत्रालयाच्या 'माय एमएसएमई' पोर्टलवर. चौकशीसाठी केंद्राचं एमएसएमई विकास व सुविधा कार्यालय आहे. महाराष्ट्रात ते मुंबईला आणि नागपूरला आहे. जिल्हा उद्योग केंद्र हे राज्य सरकारचं खातं. तिथे राज्याच्या योजनांची चौकशी करा. या अर्जासाठी तिथे दिवस घालवू नका.

निवडताना प्रदर्शनाच्या नावाला भुलू नका. दिल्लीच्या प्रगती मैदानावर १४ ते २७ नोव्हेंबरला भरणारा भारत आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा प्रचंड मोठा असतो, पण तिथे येणारी बरीच गर्दी घरगुती ग्राहकांची असते. सुट्या भागांचा किंवा पॅकिंग मशिनचा उद्योग असेल तर आपल्या क्षेत्राचं छोटं प्रदर्शन कितीतरी पटीने कामाचं. आयोजकाकडून गेल्या वेळची सहभागी कंपन्यांची यादी मागवा आणि त्यातल्या दोघा-तिघांना फोन करून किती चौकश्या आल्या ते विचारा.

प्रदर्शन ठरलं की आयोजकाकडून प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे पैसे भरण्याआधीचं अंदाजी बिल, मागा. आयोजक म्हणेल, 'आज पैसे भरा, कोपऱ्याचा स्टॉल देतो.' नाही म्हणा. प्रोफॉर्मावर जागा चौरस मीटरमध्ये, प्रति चौरस मीटर दर, जागेचं भाडं, वीज, जादा टेबल-खुर्च्या, नोंदणी शुल्क आणि जीएसटी हे सगळं स्वतंत्र ओळींत लिहून घ्या. 'सहभाग शुल्क, सर्वसमावेशक' अशा एका ओळीचं बिल म्हणजे दाव्याच्या वेळची हमखास डोकेदुखी, कारण टक्केवारी जागेच्या भाड्यावर मोजली जाते आणि त्या ओळीत भाडं किती ते कुणालाच सांगता येत नाही.

हिशेब असा मांडा. समजा ३ बाय ३ मीटरचा, म्हणजे ९ चौरस मीटरचा स्टॉल आहे आणि दर ८,५०० रुपये. भाडं ७६,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी १३,७७०. तुम्ही भरणार ९०,२७०. सर्वसाधारण प्रवर्गात ८० टक्के भाड्यावर, म्हणजे ६१,२००, आणि तेही कमाल मर्यादेच्या आत असेल तर. जीएसटीचं इनपुट क्रेडिट घेतलंत की तो आकडा दाव्यात पुन्हा मागू नका. ९०,२७० चे ८० टक्के धरून बसलेला माणूस इथेच ११,०१६ रुपयांनी चुकतो.

## टप्पा ५: अर्ज

पोर्टलवर अर्ज भरताना उद्यम क्रमांक टाकला की बरीच माहिती आपोआप येते. टप्पा १ मधली चूक राहिली असेल तर तीही आपोआप येते.

हाताशी ठेवायचे कागद: उद्यम प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, रद्द चेक, प्रवर्गाचा दाखला लागू असेल तर तो, उत्पादनांची माहिती, प्रोफॉर्मा. मोबाइल आणि ईमेल स्वतःचा द्या. एजंटचा नंबर दिलात तर मंजुरी आणि त्रुटीचे संदेश त्याच्याकडे जातील, आणि तो नेमका त्या आठवड्यात गावाला गेलेला असेल.

उत्पादनाची माहिती लिहिताना 'उच्च दर्जाची दर्जेदार उत्पादने' असलं काही लिहू नका. काय बनवता, महिन्याला किती बनवता, आज कुठल्या जिल्ह्यांत विकता आणि या प्रदर्शनातून कुठल्या खरेदीदारापर्यंत जायचंय, एवढं चार ओळींत पुरे.

सावधान: अर्ज क्रमांक मिळाला म्हणजे मंजुरी मिळाली असं नाही. तुमचं नाव निवडल्याचा लेखी संदेश येईपर्यंत आयोजकाला पैसे देऊ नका, तिकिटं काढू नका.

## टप्पा ६: पैसे भरताना

मंजुरी हातात आली की त्याच दिवशी बुकिंग करा. पैसे फर्मच्या खात्यातून एनईएफटी, आरटीजीएस किंवा चेकने. रोख अजिबात नको. मुलाच्या फोनवरून यूपीआय केलंत तर पैसे त्याच्या बचत खात्यातून गेले, फर्मने काहीच भरलं नाही, असा अर्थ निघतो. यूटीआर, म्हणजे बँकेच्या व्यवहाराचा क्रमांक, बिलावर पेन्सिलने लिहून ठेवा. बँक स्टेटमेंटमध्ये ती ओळ शोधायला पुढे सोपं जातं.

पक्कं करबिल येईल तेव्हा ते प्रोफॉर्माशी ओळ-ओळ ताडून बघा. तुमचं नाव, जीएसटी क्रमांक, प्रदर्शनाचं नाव, तारखा, स्टॉल क्रमांक, चौरस मीटर. चूक दिसली तर लगेच बदलून घ्या. प्रदर्शन संपल्यावर आयोजकाचा फोन कुणी उचलत नाही.

प्रवासाची तिकिटं मालकाच्या किंवा अर्जात नाव दिलेल्या प्रतिनिधीच्याच नावावर. माल ट्रान्सपोर्टने पाठवलात तर बिल्टीवर फर्मचं नाव आणि पाठवायच्या जागी प्रदर्शनाचं ठिकाण यायला हवं. माहितीपत्रकं छापलीत तर छपाईवाल्याचं पक्कं बिल घ्या आणि एक प्रत फाइलला लावा.

## टप्पा ७: स्टॉलवरचे दिवस

पहिल्या दिवशी सकाळी, गर्दी व्हायच्या आत, फोटो काढा. स्टॉलच्या वरच्या पट्टीवर, ज्याला आयोजक फॅशिया म्हणतात, फर्मचं नाव आणि स्टॉल क्रमांक असतो. ते दोन्ही वाचता येतील, मांडलेला माल दिसेल आणि तुम्ही स्वतः उभे असाल, असा एक फोटो सगळ्यात मोलाचा. पट्टीवर काय छापायचं हे आयोजक आठवडाभर आधी विचारतो. तिथे उद्यमवरचं नाव द्या. ब्रँडचा फलक आत लावा.

रोज संध्याकाळी चौकश्यांची वही भरा: नाव, शहर, काय विचारलं, किती माल हवा, पुढे काय ठरलं. दाव्यासोबत सहभागाचा अहवाल द्यावा लागतो, आणि तो घरी येऊन आठवून लिहिला की दिसतोच. शिवाय चौथ्या दिवशी 'तो इंदूरचा जाडसर माणूस' एवढंच आठवत असेल तर ऑर्डर कुणाला पाठवणार?

निघण्यापूर्वी आयोजकाकडून सहभागाचं प्रमाणपत्र घ्या. शेवटच्या दुपारी सगळे सामान बांधण्याच्या गडबडीत असतात, म्हणून आदल्या दिवशीच मागा. विमानाचा बोर्डिंग पास किंवा रेल्वे तिकिटाची प्रिंट फेकू नका.

## टप्पा ८: दावा

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच बसा. मुदत सूचनांत दिलेली असते, पण मुदतीपेक्षा कागद हरवण्याचा धोका मोठा. फाइल या क्रमाने लावा:

1. मंजुरीचा संदेश
2. पक्कं करबिल आणि आयोजकाची पावती
3. बँक स्टेटमेंटचं ते पान, संबंधित ओळ खुणावून
4. प्रवास, मालवाहतूक आणि छपाईची बिलं, प्रत्येकाला पैसे दिल्याचा पुरावा जोडून
5. फोटो, सहभाग प्रमाणपत्र, अहवाल
6. याच खर्चासाठी दुसऱ्या योजनेतून पैसे घेतलेले नाहीत असं हमीपत्र
7. रद्द चेक

सहावा कागद हलक्यात घेऊ नका. राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हबसारख्या इतर योजनांतूनही प्रदर्शनासाठी मदत मिळते. एकाच भाड्यावर दोन ठिकाणी दावा केला तर तो उघड होतो, आणि मग दोन्ही पैसे जातात.

त्रुटीचा संदेश आला तर मागितलेला कागदच पाठवा, सोबत जुन्या अर्ज क्रमांकासहित पत्र. अख्खी फाइल पुन्हा पाठवली की ती नव्याने रांगेत लागते.

## प्रदर्शनाशिवायची मदत

याच योजनेत बारकोड, पॅकेजिंग आणि ऑनलाइन विक्रीसाठीही मदत आहे. क्रम तोच, कागद कमी.

बारकोडसाठी नोंदणी थेट जीएस१ इंडिया या बारकोड देणाऱ्या अधिकृत संस्थेकडेच करा. भारतातल्या कंपनीचा क्रमांक ८९० ने सुरू होतो. इंटरनेटवर स्वस्तात मिळणारे सुटे बारकोड दुसऱ्याच कुणाच्या नावावर असतात; त्यांची प्रतिपूर्ती नाही, आणि मोठ्या दुकानसाखळ्याही ते नाकारतात. दुसरी चूक म्हणजे कमी क्रमांक घेणं. १०० ग्रॅम, २५० ग्रॅम आणि अर्धा किलो यांना तीन वेगळे क्रमांक लागतात. तिखट आणि कमी तिखट असे दोन प्रकार असतील तर सहा.

पाकिटाची नवी रचना करताना छापण्याआधी वजनमापे कायद्याचा मजकूर तपासा: उत्पादकाचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआय क्रमांक. वीस हजार पाकिटं छापून झाल्यावर चूक कळली तर स्टिकर लावत बसावं लागतं.

ऑनलाइन विक्रीच्या खर्चाची मदत फक्त सूक्ष्म उद्योगांना आहे. लघु उद्योगांनी 'एमएसएमई टीम' हा उपक्रम बघावा. जून २०२४ मध्ये सुरू झालेला हा उपक्रम राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ, म्हणजे एनएसआयसी राबवतं. त्यात ओएनडीसी या खुल्या ऑनलाइन विक्रीच्या जाळ्यावर नोंदणी, मालाची सचित्र यादी, पॅकिंग आणि वाहतूक यांसाठी साहाय्य मिळतं. कंपोझिशनची अट इथेही लागू आहे, हे विसरू नका.

दावा मंजूर झाल्यावरही एक घोळ राहतो. मधल्या काळात बँकेचं विलीनीकरण होऊन आयएफएससी बदललेला असतो, किंवा व्यवहार नसल्याने खातं निष्क्रिय झालेलं असतं, आणि पाठवलेली रक्कम परत जाते. दावा प्रलंबित असेपर्यंत ते खातं बंद करू नका, महिन्याला एखादा व्यवहार ठेवा. आणि तपशील बदललाच तर नव्या रद्द चेकसह कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्या.